वन बीएचके घरात दहा पानांचा बेत

ठाणे, डोंबिवली, पिंपरी किंवा नाशिकच्या नव्या वसाहतींतील वन बीएचके घरात दिवाणखाना साधारण १४ बाय १० फुटांचा, स्वयंपाकाचा ओटा ७-८ फुटांचा, गॅसची शेगडी दोन बर्नरची आणि हात धुण्याचे बेसिन एकच असते. अशा घरात प्रथमच पाहुण्यांना जेवायला बोलावणारे जोडपे बसायच्या जागेचीच काळजी करत राहते. जागा सतरंजी अंथरून निघते. ओढाताण होते ती दुसरीकडे: सगळे पदार्थ शेवटच्या अर्ध्या तासात गरम करायचे असतात आणि बर्नर दोनच असतात, शिवाय पाणी, ताटे, वाढप, हात धुणे या साऱ्यांची वर्दळ स्वयंपाकघराच्या एका अरुंद दारात येऊन अडते. पाहुणे आठ आणि घरचे दोघे, अशा दहा पानांचे शनिवारी रात्रीचे जेवण डोळ्यांसमोर ठेवून, या दोन अडचणी टाळण्याच्या दृष्टीने पुढील क्रम सांगितला आहे.

आठवडाभर आधी: दिवस आणि विचारपूस

दिवस पक्का करण्यापूर्वी कालनिर्णयावर नजर टाकावी. त्या दिवशी संकष्टी असेल, तर उपवास करणारा पाहुणा चंद्रोदयाशिवाय जेवणार नाही, आणि चंद्रोदय नऊच्या आगेमागे, कधीकधी त्याहूनही उशिरा असतो. म्हणजे निम्मी पंगत जेवून उठलेली आणि दोघे जण घड्याळाकडे पाहत बसलेले, असे चित्र होते. एकादशी आणि श्रावण यांचाही विचार करावा. चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर वांगेही वर्ज्य मानणारी घरे अजून आहेत, आणि त्यांच्याकडे वांगे पुन्हा ताटात येते ते चंपाषष्ठीला.

आमंत्रण देतानाच खाण्याचे पथ्य विचारून घ्यावे. ‘काही चालत नाही का?’ असा मोघम प्रश्न केला, की ‘छे, आम्हाला सगळे चालते’ असे मोघम उत्तर येते, म्हणून नेमके विचारावे: मांसाहार चालतो का, कांदा-लसूण चालतो का, कोणाला मधुमेह आहे का आणि कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. शेवटचा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही, परंतु मराठी स्वयंपाकात दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून भरल्या भाजीपर्यंत सर्वत्र असते आणि ते ताटाकडे पाहून कळत नाही.

सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला जागा मिळेल की नाही, हे वॉचमनला आधीच विचारून पाहुण्यांना तसे कळवावे. शेजाऱ्यांनाही कल्पना द्यावी. जिन्यातील अर्धी वाट चपलांनी व्यापली जाणार असते, ती त्यांचीही वाट असते.

बेत ठरवणे

बेत ठरवताना आपल्याला काय चांगले करता येते याच्याही आधी बर्नर मोजावेत. पदार्थांचे तीन गट करावेत: आदल्या दिवशी करून ठेवता येणारे, त्याच दिवशी दुपारी करून मुरू देता येणारे आणि ऐन वेळी गरमच लागणारे. तिसऱ्या गटात दोनपेक्षा जास्त पदार्थ आले तर त्यांपैकी एक सरळ रद्द करावा. याच कारणासाठी पुऱ्या, बटाटेवडे, घावन आणि तळलेले मासे या घरात या प्रसंगी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरमईचे तुकडे तव्यावर एका वेळी पाच-सहाच बसतात, ते तव्यावरून थेट पानात पडले तरच त्यांची चव, आणि दहा पानांचे मासे तळून होईपर्यंत पहिल्या पाहुण्याचे जेवण आटोपते, यजमानीण तव्यापुढून हललेली नसते आणि वास पडद्यांना दोन दिवस राहतो. मांसाहारी बेतच करायचा असेल, तर चिकनचा किंवा मटणाचा रस्सा करावा. तो सकाळी करून गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवता येतो, मुरल्यावर अधिक चांगला लागतो आणि रात्री फक्त खळखळून उकळावा लागतो.

शाकाहारी बेताचे एक उदाहरण घेऊ: अळूवडी, भरली वांगी, पोळ्या, मसालेभात, टोमॅटोचे सार, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, आणि डाव्या बाजूला चटणी, लोणचे व पापड. यादी लांब दिसते, पण तिचे भाग पाडले की ती आटोक्यात येते.

श्रीखंड शुक्रवारी रात्री करावे. डेअरीतून पाऊण किलो चक्का आणून त्यात अर्ध्या किलोहून थोडी अधिक साखर मिसळावी, साखर विरघळेपर्यंत तासभर झाकून ठेवावे आणि मग पुरणयंत्रातून काढून वेलदोडा-केशर घालावे. अळूवडीचे उंडेही शुक्रवारीच वाफवून फ्रिजमध्ये टाकावेत. वाफवलेला उंडा गरम असताना कापला, तर पानांचे पदर सुटतात आणि कडेचे बेसन सुरीला चिकटून येते. रात्रभर गार झालेल्या उंड्याच्या मात्र अर्ध्या बोटाच्या जाडीच्या एकसारख्या चकत्या पडतात आणि आतली चक्राकार नक्षी जागेवर राहते. बेसनात चिंचेचा कोळ हात राखून घालू नये, नाहीतर अळू घशाला खाजते. हा खटाटोप झेपणार नसेल, तर वाफवलेले तयार उंडे पोळीभाजी केंद्रात मिळतात. ते आणण्यात काहीही कमीपणा नाही.

भरली वांगी शनिवारी दुपारी करावीत. लहान जांभळी वांगी पानामागे दोन या हिशेबाने वीस घ्यावीत आणि पसरट कढईत एका थरात शिजवावीत, म्हणजे ढवळताना फुटत नाहीत. तीन-चार तासांत मसाला आत उतरतो. तोवर त्यांना बाहेर ताटकळत ठेवू नये. गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत.

पोळ्या घरी करू नयेत. तीस पोळ्या लाटून भाजायला सवयीच्या हातालाही तास जातो, आणि त्या तासात ओटा व एक बर्नर दोन्ही अडकतात. पोळीभाजी केंद्राला किंवा पोळ्या करून देणाऱ्या मावशींना दोन दिवस आधी सांगून त्या सात वाजता घ्याव्यात. आलेल्या पोळ्या लगेच सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. गरम पोळ्या नुसत्या स्टीलच्या डब्यात कोंबल्या, तर झाकणावर साचलेले वाफेचे पाणी त्यांच्यावर ठिबकते.

आता राहिले भात, सार आणि वड्या. पाच लिटरच्या कुकरमध्ये भाताचा प्रकार निम्म्यापेक्षा वर जाऊ देऊ नये. दहा पानांना पोळ्यांसोबत सुमारे ७०० ग्रॅम तांदूळ पुरतो, आणि तो पाणी व तोंडली-मटारांसह या मर्यादेत बसतो. मसालेभात दुपारी करून ठेवण्याचा मोह टाळावा. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढू लागतात. मुंबईच्या दमट हवेत तर हा धोका पत्करूच नये. दुपारी तोंडली चिरून आणि मसाला भाजून ठेवावा, तांदूळ संध्याकाळी धुऊन निथळत घालावेत आणि कुकर सव्वासातला चढवावा. शिट्ट्या झाल्यावर तो न उघडता तसाच ठेवला, तर वाढेपर्यंत भात चांगला गरम राहतो. सारासाठी किलोभर टोमॅटो शनिवारी सकाळी उकडून, वाटून, गाळून फ्रिजमध्ये ठेवले, की संध्याकाळी फक्त गूळ, मीठ आणि तूप-जिऱ्याची फोडणी उरते. नारळाचे दूध घालणार असाल, तर ते शेवटी घालावे आणि नंतर उकळी येऊ देऊ नये, कारण ते फाटते.

याप्रमाणे जेवणाआधीच्या अर्ध्या तासात एका बर्नरवर सार आणि दुसऱ्यावर वड्यांचा तवा राहील. वांगी त्याआधी, आठच्या सुमारास, पूर्ण गरम करून झाकून ठेवावीत.

कोशिंबिरीची काकडी चोचवून संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवावी. दाण्याचे कूट, मिरचीची फोडणी आणि खोबरे वेगळे ठेवून मीठ व दही पाने वाढताना मिसळावे, नाहीतर काकडीचे पाणी सुटून ताटात ओघळ जातो. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाणा चालत नसेल, तर त्या रात्री कूट बेतातूनच वगळावे. एका माणसापुरती वेगळी वाटी काढली, तरी वाढताना डाव बदलतोच. अशा वेळी वांग्यांच्या मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे भाजून घालावे.

पहिल्याच वेळी एवढा पसारा नको वाटत असेल, तर पावभाजी करावी. भाजीचे एकच पातेले, पाव भाजायला तवा, चिरलेला कांदा आणि लिंबू एवढ्यावर काम भागते आणि कोणी नाक मुरडत नाही.

सामान, भांडी आणि पाणी

गॅस संपत आला आहे का, हे शुक्रवारीच पाहावे. सिलिंडरला ओले फडके फिरवून दोन मिनिटे थांबले, की वरचा भाग लवकर वाळतो आणि ज्या उंचीपर्यंत गॅस आहे तिथपर्यंत ओल रेंगाळते. जोडीला इंडक्शन शेगडी असेल तर फारच उत्तम, परंतु २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते, म्हणून ती १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावी आणि त्याच वेळी गिझर व मायक्रोवेव्ह सुरू ठेवू नये. ऐन वाढपाच्या वेळी मेन स्विच पडणे ही अगदीच टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

फ्रिज गुरुवारपासून रिकामा करत आणावा. श्रीखंडाचे भांडे, उंडे, वांगी, साराचे पातेले आणि पाण्याच्या बाटल्या एवढे मावेल अशी जागा लागते. प्यायचे पाणी दहा लिटर तरी भरून ठेवावे, आणि सोसायटीत पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर न्हाणीघरातील पिंप व बादल्याही.

ताटे-वाट्या कमी पडत असल्यास शेजाऱ्यांकडून आणाव्यात किंवा पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घ्यावेत. थर्मोकोलच्या आणि प्लास्टिकच्या एकदा वापरून फेकायच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. द्रोणात सार मात्र वाढू नये.

दिवाणखान्याची मांडणी

जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीत दोन फूट आणि पाठीपासून ताटापर्यंत सुमारे चार फूट लागतात. दहा फूट रुंदीच्या खोलीत समोरासमोर दोन पंगती बसवल्या, तर त्यांच्यामध्ये वाढप्याला दोन फुटांची वाट उरते. हा हिशेब कागदावर उत्तम जमतो. प्रत्यक्षात एका भिंतीला टीव्हीचे कपाट असते, दुसरीकडे सोफा असतो आणि प्रवेशदार उघडायलाही जागा लागते. म्हणून मिश्र बैठक करावी: तिघे सोफ्यावर, दोघे खुर्च्यांवर आणि पाच जण भिंतीकडेला सतरंजीवर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची मिळायला हवी, पण ते स्वतःहून मागत नाहीत, म्हणून ‘काका, तुम्ही इथे बसा’ असे म्हणून जागा आपणच ठरवावी. टीपॉय झोपायच्या खोलीत सरकवावा. सोफ्यावर बसणाऱ्यांपुढे घडीचे टेबल किंवा स्टूल ठेवावे, आणि मांडीवर ताट घेणाऱ्यांना सार वाटीत न देता कपात द्यावे.

दहा माणसे आणि चालू शेगडी यांनी खोली किती तापते, याचा अंदाज नवख्यांना नसतो. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा जण म्हणजे खोलीत एक हीटर लावून ठेवल्यासारखेच झाले. म्हणून एसी असल्यास पाहुणे येण्याआधी अर्धा तास सुरू करावा, नसल्यास खिडक्या समोरासमोर उघडून स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा.

झोपायच्या खोलीतील पलंग रिकामा करून तो पर्स, हेल्मेट आणि झोपी गेलेल्या मुलांसाठी राखून ठेवावा. न्हाणीघरातील वाळत घातलेले कपडे काढावेत, फरशी कोरडी करावी, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवावा. दाराबाहेर जुनी चटई अंथरून चपलांची जागा ठरवून द्यावी. जिन्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

शनिवारची संध्याकाळ

पाहुण्यांना साडेसातची वेळ द्यावी आणि पाने साडेआठला घ्यावीत. पाच वाजेपर्यंत चिरणे-वाटणे संपवून ओटा पुसून घ्यावा. पापड याच सुमारास भाजून हवाबंद डब्यात ठेवावेत. साडेसहाला केर काढून, आंघोळ करून तयार व्हावे. सातला पोळ्या घ्याव्यात, सव्वासातला कुकर लावावा. पहिली बेल वाजेल तेव्हा स्वयंपाकघरात चिरायचे, लाटायचे किंवा वाटायचे काहीही शिल्लक असू नये. आल्याआल्या सर्वांना कोकम सरबत किंवा पन्हे द्यावे, सोबत थोडे शेंगदाणे किंवा चिवडा, पण हात आखडताच ठेवावा. भरपेट खाणे पुढे आहे.

लहान मुले असतील तर त्यांना पावणेआठला वरणभात-तूप आणि पोळीचा तुकडा देऊन मोकळे करावे. वरण सकाळीच लावून ठेवता येते आणि वाटीभर भात मसालेभाताच्या आधी छोट्या कुकरमध्ये होतो. मुलांचे आधी आटोपले, की मोठ्यांच्या पंगतीत कोणाला मध्येच उठावे लागत नाही. ही रीत जुन्या घरांत होतीच, लहान घरात तर तिला पर्याय नाही.

वाढप

पाण्याची सोय दिवाणखान्यातच करावी. तोटीचे पिंप किंवा दोन मोठे तांबे स्वयंपाकघराच्या दारापासून दूर, झोपायच्या खोलीच्या बाजूला स्टुलावर ठेवावेत आणि शेजारी पेले पालथे घालावेत. एवढ्या एका गोष्टीने स्वयंपाकघरातील निम्मी ये-जा थांबते.

पहिले वाढप ओट्यावरच करावे. दहा ताटे ओट्यावर एकदम मावणार नाहीत, म्हणून चार, तीन, तीन अशा खेपा कराव्यात: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजवीकडे वांगी आणि वड्या, समोर पोळी, वाटीत श्रीखंड. एकाने ताटे भरावीत आणि दुसऱ्याने न्यावीत. दोघांनीही दोन्ही कामे करू नयेत, कारण दारात टक्कर तेथेच होते. मसालेभात आणि सार दुसऱ्या फेरीत न्यावे.

‘मी काही मदत करू का?’ असे म्हणत स्वयंपाकघरात येऊन उभा राहणारा पाहुणा प्रत्येक जेवणात असतोच. त्याला नको म्हणू नये. पोळ्यांचा डबा त्याच्या हाती देऊन बाहेरच्या पंगतीची जबाबदारी सोपवावी, म्हणजे त्याचाही मान राहतो आणि ओट्याजवळची जागाही मोकळी होते.

आग्रहाबद्दल एक सूचना करतो. एकदा विचारावे, दुसऱ्यांदा हसून विचारावे, आणि तरीही पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर भांडे परत न्यावे. घरच्यांपैकी एकाने तरी पाहुण्यांबरोबरच जेवायला बसावे. दोघेही उभे राहिले, तर पाहुण्यांना घास गोड लागत नाही आणि ते घाईघाईने उठतात.

जेवण झाल्यावर

पंगत उठली की सर्वांना एकाच वेळी हात धुवायचे असतात आणि बेसिनपुढे रांग लागते. स्वयंपाकघरातील सिंक रिकामे असेल, तर रांग दोन ठिकाणी विभागते. त्यासाठी खरकटी ताटे सिंकमध्ये न टाकता गॅलरीत ठेवलेल्या मोठ्या टबात जमा करावीत. टबाशेजारी ओल्या कचऱ्याची बादली असावी, म्हणजे खरकटे तेथल्या तेथे निपटता येते आणि पत्रावळी वेगळ्या ठेवता येतात. नंतर बडीशेप किंवा विडा द्यावा. गप्पा रंगल्या, तर त्या रंगू द्याव्यात, मात्र गाणी लावली असतील तर दहानंतर आवाज खाली आणावा. ध्वनिक्षेपकासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही बंदीची वेळ आहे आणि वन बीएचकेची भिंत पातळ असते.

उरलेले अन्न पाहुणे असतानाच मार्गी लावावे. वड्या आणि श्रीखंड डब्यांत भरून, विशेषतः लांब जाणाऱ्या किंवा एकट्या राहणाऱ्या पाहुण्याच्या हाती द्यावे. त्याकरिता परत न मागण्याजोगे दोन-चार डबे आधीच बाजूला काढून ठेवलेले बरे. भात उरलाच तर पसरट ताटात गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. नारळाचे दूध घातलेले सार आणि दही कालवलेली कोशिंबीर ठेवू नये.

कुकर आणि कढई गरम पाणी घालून भिजत ठेवावी, टबातील ताटे एकदा विसळून घ्यावीत. भांड्यांना मावशी येत असतील, तर रविवारी भांडी जास्त पडतील याची कल्पना त्यांना शुक्रवारीच द्यावी, आणि त्या दिवसाचे जादा पैसे महिन्याच्या हिशेबात न ढकलता रविवारीच हातात द्यावेत.